फळ्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क

शिक्षकांनी भीमराव नावाच्या विद्यार्थ्याला फळ्यावर गणित सोडवायला बोलावले आणि वर्गात एकच गलका झाला. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. हा मुलगा फळ्याजवळ गेला तर डबे बाटणार! मुलांनी धावत जाऊन डबे हलवले आणि मगच भीमरावाला खडू हातात घेता आला. एल्फिन्स्टन हायस्कूलमधला हा प्रसंग बाबासाहेबांच्या चरित्रात आपण वाचलेला आहे. त्या मुलाला गणित येत नव्हते असे नाही. प्रश्न फळ्यापर्यंत पोहोचण्याचा होता.

हा प्रसंग आठवायला कारण घडले ते या मे महिन्यात. कल्याण पूर्वेतील आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत येणारी नववीतली एक मुलगी एका दुपारी माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, सुट्टीत गणिताचा ऑनलाईन कोर्स आहे. अवघड गणितं सोडवायला शिकवतात. मला करायचाय." मी फी विचारली. तिने सांगितलेला आकडा तिच्या आईच्या दोन महिन्यांच्या घरकामाच्या कमाईएवढा होता. आम्ही चौघांनी वर्गणी काढून फी भरली. पण घरात मोबाईल एकच, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील रात्री दहाला घरी येणार! वर्ग संध्याकाळी सहाचा. शेवटी माझ्या ऑफिसातला लॅपटॉप विहारात नेऊन ठेवला.

कुतूहल म्हणून मीही दोन दिवस मागे बसलो. क्लासमध्ये सूत्रे पाठ करून घेतात तसे इथे काही नव्हते. एकच प्रश्न द्यायचा आणि अर्धा तास त्याच्याशी झुंजायचे. तिथला एक प्रश्न हस्तांदोलनाचा होता. तो आपल्या भाषेत सांगतो. विहारात जमलेल्या लोकांनी एकमेकांना जयभीम केला, कोणी जास्त जणांना, कोणी कमी. ज्यांनी विषम संख्येच्या लोकांशी जयभीम केला, अशांची संख्या नेहमी समच असणार, हे सिद्ध करा. वाटते अवघड, पण किल्ली साधी आहे. प्रत्येक जयभीम दोघांच्या खात्यात मोजला जातो, म्हणून सगळ्यांच्या खात्यांची बेरीज सम. त्यातून सम खाती वजा केली तरी उरते ते समच. आणि विषम आकड्यांची बेरीज सम यायची तर ते आकडे सम संख्येनेच असावे लागतात. झाले! ना सूत्र, ना पाठांतर. पुराव्याशिवाय काही मान्य करायचे नाही, ही बुद्धाची आणि बाबासाहेबांची शिकवण. आम्ही वकील कोर्टात दुसरे काय करतो?

ही तयारी पुढे कुठे नेते तेही पालकांनी समजून घ्यावे. आठवी ते बारावीच्या मुलांसाठी गणित ऑलिम्पियाडची पहिली पात्रता परीक्षा सप्टेंबरच्या सुमारास होते. तीन तास, तीस प्रश्न. पुढे प्रादेशिक, मग राष्ट्रीय फेरी, मग प्रशिक्षण शिबीर आणि शेवटी सहा जणांचा भारतीय संघ. भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडला जातो. १९९६ साली ती स्पर्धा आपल्या मुंबईतच झाली. २०२४ मध्ये भारताने चार सुवर्णपदकांसह चौथा क्रमांक मिळवला. या सगळ्याचे केंद्र असलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आहे. कल्याणहून कुर्ल्याला गाडी बदलली की हार्बरने पोहोचता येते. अंतर एवढेच. पण आपल्या वस्तीतली किती मुले तिथवर गेली?

आपल्या मुलांत कुवतच नाही, असे म्हणणाऱ्यांना याच केंद्राने उत्तर देऊन ठेवले आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्राचे संचालक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी आगरकर यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांना हाताशी धरून काम केले. मुले मागे का पडतात हे शोधताना भाषेचा अडसर मोठा असल्याचे दिसले. पुस्तकाची भाषा आणि घरची भाषा यांतली दरी भरून काढली, नीट मार्गदर्शन दिले, तेव्हा त्याच मुलांच्या शालान्त परीक्षेच्या निकालात ठळक सुधारणा झाली. १९८५ साली त्याचा अहवालही प्रसिद्ध झाला. बुद्धी होतीच, संधी नव्हती.

आज फळ्यामागचे डबे गेले. पण फळा पडद्यावर आला आणि त्याच्यापुढे फी, इंग्रजी आणि इंटरनेट असे तीन नवे डबे आले. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये संगणक शहरी भागातील २३.४ टक्के आणि ग्रामीण भागातील ४.४ टक्के घरांतच होता. त्यानंतर मोबाईल घरोघरी गेला हे खरे, पण चौघांत एका मोबाईलवर भूमिती शिकता येत नाही. संविधानाचे कलम ४६ राज्याला सांगते की, अनुसूचित जाती-जमाती आणि दुर्बल घटकांचे शैक्षणिक हित विशेष काळजीने जोपासा. राखीव जागा दिली की ही काळजी संपते काय? जागेपर्यंत नेणारी शिडी बाजारात विकली जात असेल, तर पालिकेच्या शाळांत असे उन्हाळी वर्ग मराठीतून आणि मोफत चालवण्याची मागणी आपण का करू नये?

शासनाला जाब विचारताना स्वतःलाही विचारू या. जयंतीच्या एका रात्रीत डीजेवर आपण जेवढे उधळतो, तेवढ्यात विहारात एक मोठा पडदा, एक संगणक आणि वर्षभराचे इंटरनेट येते. ऑलिम्पियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आपल्या समाजात आज इंजिनीअर, प्राध्यापक, बँक अधिकारी कमी नाहीत. त्यांनी रविवारचे दोन तास दिले तरी एका वस्तीचे काम होईल.

आमच्या विहारात आता दर रविवारी अकरा मुले बसतात. परवा ती मुलगी फळ्याजवळ उभी राहून लहान मुलांना जयभीमचे गणित समजावून सांगत होती. तिला खडू घ्यायला कोणाची परवानगी लागली नाही. प्रत्येक वस्तीत असा एक फळा उभा राहिला पाहिजे. जयभीम.