हिमनदीवरचा मुक्काम : दुपारचे ऊन, रात्रीचा गारठा

हिमनदीवर मुक्कामाला जाणारा माणूस तयारी थंडीची करतो आणि पहिला फटका खातो तो उन्हाचा. ताजे हिम उन्हाचा 80 ते 90 टक्के भाग परत फेकते. त्यातच उंची दर हजार मीटरने वाढली की अतिनील किरणे साधारण 10 टक्क्यांनी वाढतात. त्यामुळे हनुवटीची खालची बाजू आणि नाकपुड्यांची आतली त्वचाही भाजते. गडद चष्मा नसेल तर काही तासांत हिमांधत्व येते. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या ‘वेस्टर्न कूम’ या बर्फाळ दरीत वारा पडलेल्या दुपारी गिर्यारोहक उकाड्याने हैराण होतात. सूर्य कड्याआड गेला, की पारा झपाट्याने शून्याखाली घसरतो.

मराठी गिर्यारोहकांना ही दरी अनोळखी नाही. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या गिर्यारोहण संस्थेचे आठ जण 2012 मध्ये याच वाटेने एव्हरेस्टवर पोहोचले.

मीरा-भाईंदरसारख्या खाडीकाठच्या शहरातून जाणाऱ्याला खरा दगा देतो तो घाम. दमट हवेत घाम अंगावर चिकचिकतो, म्हणून कळतो. हिमनदीवरच्या कोरड्या हवेत तो लगेच उडून जातो. शरीरातले पाणी आटते आणि तहान उशिरा लागते. कपड्यांत मुरलेला घाम मात्र संध्याकाळी बर्फासारखा गार पडतो. सुती बनियन इथे घातकच. लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे थर चालताना उतरवत आणि थांबताच चढवत राहावे लागतात.

पिण्याचे पाणी बहुधा बर्फ वितळवूनच मिळते, म्हणजे इंधन संपले की पाणीही संपले. शून्याच्या आसपास ब्युटेन वायू सिलिंडरमधून नीट बाहेर येत नाही. प्रोपेन मिसळलेले मिश्रण किंवा रॉकेलचा स्टोव्ह लागतो. 5,364 मीटरवरच्या एव्हरेस्ट तळावर पाणी 82 अंशांच्या सुमारासच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय भात कच्चा राहतो. थंडीला कंटाळून बंद तंबूत स्टोव्ह पेटवणे हा शुद्ध आत्मघात आहे. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग.

रात्री ऊब जाते ती मुख्यतः जमिनीकडे. महागड्या स्लीपिंग बॅगेतली पिसे अंगाखाली दबली की निकामी होतात, तेव्हा पैसे आधी चांगल्या मॅटवर खर्चावेत. बुटांचे आतले अस्तर, बॅटऱ्या आणि गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली बॅगेतच घ्यावी. बाहेरची बाटली उलटी ठेवतात. पाणी वरून गोठते, तोंड मोकळे राहते. उन्हाळ्यात तंबूभोवतीचा बर्फ वितळतो, सावलीतला टिकतो. काही दिवसांत तंबू ओट्यावर बसल्यासारखा दिसू लागतो आणि हलवावा लागतो.

हिमदंश झालेली बोटे चोळू नयेत, शेकोटीवर शेकू नयेत. 37 ते 39 अंशांच्या पाण्यात ठेवावीत. मात्र बोटे पायाची असतील आणि त्याच पायांनी पुढे चालून उतरायचे असेल, तर सुरक्षित ठिकाणी पोहोचेपर्यंत ती वितळवू नयेत. एकदा वितळून पुन्हा गोठलेली बोटे सहसा वाचत नाहीत.