रात्रीच्या फोटोग्राफीची पंचवीस वर्षं : कॅमेरे सुधारले, काळोख आटला

‘रात्रीचे फोटो काढायचेत, कुठला कॅमेरा घेऊ?’ हा प्रश्न २००० साली विचारला जायचा आणि आजही विचारला जातो. उत्तर मात्र दर चार-पाच वर्षांनी बदलत गेलं. सुरुवातीला जाणकार म्हणायचे, ‘रात्रीसाठी डिजिटल नको, रोलच बरा.’ मग काही वर्षं ‘फुल फ्रेमशिवाय पर्याय नाही’ असं ऐकू यायचं. आज मी सांगतो, ‘कॅमेरा जवळपास कुठलाही चालेल, आधी लेन्सचं बोलू. आणि फोटो कुठे जाऊन काढणार, ते सांग.’ हे उत्तर असं का पालटत गेलं, ते सह्याद्रीतल्या रात्रींच्या संदर्भात पाहण्यासारखं आहे.

रोलच्या काळात हौशी माणसाचा रात्रीचा फोटो म्हणजे बहुतेक वेळा ताऱ्यांच्या रेषा. कॅमेरा ट्रायपॉडवर चढवायचा, ध्रुवाकडे तोंड करायचं, शटर ‘बल्ब’वर ठेवून केबल रिलीजचा स्क्रू आवळायचा आणि तासभर थांबायचं. एक्स्पोजर लांबलं की फिल्मची संवेदनशीलता घटत जाते, त्यामुळे दुप्पट वेळ दिला तरी दुप्पट प्रकाश उमटत नसे. आकाशगंगा नीट टिपायची तर कॅमेरा आकाशाबरोबर फिरवावा लागे, आणि तशी यंत्रणा दुर्बीण बाळगणाऱ्या मोजक्या लोकांकडेच असे. त्यातून काय आलं, हे कळायचं रोल धुऊन आल्यावर.

डिजिटलने पहिला फरक केला तो इथे. चूक जागेवरच दिसू लागली. पण सुरुवातीचे सेन्सर रात्रीसाठी कच्चेच होते. १९९९चा निकॉन डी१ पावणेतीन मेगापिक्सेलचा, सीसीडी सेन्सरचा. त्या पिढीतल्या अनेक कॅमेऱ्यांत एक्स्पोजर काही मिनिटांचं झालं की फोटोच्या कडेला जांभळट उजेड चढायचा आणि काळ्या आकाशात लाल-निळे ठिपके उमटायचे. त्यावर उपाय होता ‘डार्क फ्रेम’: कॅमेरा शटर मिटून तितक्याच वेळाचा दुसरा फोटो घेई आणि त्यातले ठिपके पहिल्यातून वजा करी. पाच मिनिटांच्या फोटोनंतर आणखी पाच मिनिटं कॅमेरा अडकून पडे.

२००० साली कॅननचा ईओएस डी३० आला. त्यात सीमॉस सेन्सर होता. आजच्या सीमॉस सेन्सरचा पाया १९९०च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला. त्या वेळी सीमॉस म्हणजे स्वस्तातला, दुय्यम माल समजला जाई. पुढे बहुतेक सगळे कॅमेरे त्याच वाटेने गेले. २००३मध्ये हजार डॉलरच्या आत मिळणारा कॅननचा ३००डी आला आणि डीएसएलआर हौशी लोकांच्या आवाक्यात आला. तरी आयएसओ १६००ला त्याची धाव संपायची, आणि त्या टोकाला आकाशात ताऱ्यांपेक्षा दाणेच जास्त दिसायचे.

२००५चा कॅनन २०डीए फारसा खपला नसेल, पण या प्रवासात तो महत्त्वाचा आहे. सेन्सरपुढच्या नेहमीच्या फिल्टरमुळे गडद लाल प्रकाश बराचसा अडतो, आणि हायड्रोजनच्या तेजोमेघांचा लाल रंग नेमका ६५६ नॅनोमीटरचा. खास आकाशाच्या फोटोंसाठी केलेल्या या कॅमेऱ्याने तो आत येऊ दिला. शिवाय फोकस करण्यासाठी मागच्या पडद्यावर ताऱ्याचं मोठं केलेलं जिवंत चित्र दाखवलं. हीच सोय पुढच्या दोन-तीन वर्षांत ‘लाइव्ह व्ह्यू’ म्हणून इतर कॅमेऱ्यांत आली, आणि माझ्या मते रात्रीच्या फोटोग्राफीला तिच्याइतका हातभार क्वचितच कशाने लावला असेल. एखादा ठळक तारा पडद्यावर दहापट मोठा करायचा. फोकस रिंग अगदी हळू फिरवायची. मळकट गोळा आकसत आकसत टाचणीच्या टोकाएवढा होतो. त्याच्या जरा पुढे जायचं, तो पुन्हा फुगायला लागला की मागे यायचं आणि रिंगला चिकटपट्टी लावायची. लेन्सवरची इन्फिनिटीची खूण बऱ्याचदा खरी नसते, तारा मात्र फसवत नाही.

खरी उडी २००७ची. निकॉन डी३ बाराच मेगापिक्सेलचा, पण फुल फ्रेम, आणि आयएसओ ६४००लाही त्याचा फोटो वापरता येण्याजोगा. पुढच्याच वर्षी डी७०० आणि कॅनन ५डी मार्क २ आले. २४ मिलिमीटरची लेन्स, एफ/२.८, आयएसओ ६४०० आणि वीस सेकंद एवढ्या भांडवलावर साध्या ट्रायपॉडवरून आकाशगंगा टिपता येऊ लागली. गडकोटांच्या माथ्यावर उभ्या आकाशगंगेचे जे फोटो आज सर्रास दिसतात, त्यांची सुरुवात इथून झाली.

त्यात आपल्याला भूगोलाची मोठी साथ आहे. आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग धनू राशीकडे, म्हणजे दक्षिणेला. लंडनहून तो क्षितिजावर दहा अंशही चढत नाही. भंडारदऱ्याहून चाळीस अंशांच्या वर जातो. मार्चमध्ये उत्तररात्री उगवणारा हा भाग मे महिन्यात रात्री नऊ-दहालाच वर यायला लागतो. मग पावसाळा चार महिने पडदा टाकतो. म्हणजे आपला हंगाम फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंतचा, आणि पुन्हा थोडा ऑक्टोबरात, संध्याकाळी. आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारा छोटा ट्रॅकर घेणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी: आपल्याकडे ध्रुवतारा जेमतेम एकोणीस अंशांवर, गोव्यात तर पंधरावर. उत्तरेला डोंगर आडवा आला की ट्रॅकर लावायलाच तारा मिळत नाही.

सेन्सर सुधारत गेले तसा अडसर लेन्सकडे सरकला. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स १८ मिलिमीटरला एफ/३.५ असते. तिथून एफ/१.८ला आलो की पावणेचार पट प्रकाश मिळतो. क्रॉप सेन्सरवरून फुल फ्रेमवर जाऊन क्षेत्रफळ वाढतं ते सुमारे अडीच पट, आणि त्यासाठी मोजावे लागणारे पैसे कितीतरी जास्त. हा हिशेब आमच्यापैकी अनेकांनी उशिरा मांडला, कारण जाहिराती नेहमी कॅमेऱ्याच्याच असतात.

पण लेन्स नुसती फास्ट असून भागत नाही. दिवसा उत्तम वाटणारी लेन्स रात्री उघडी पडते, कारण तारा म्हणजे निव्वळ बिंदू, आणि त्याच्याइतकी कठोर परीक्षा दुसरी नाही. पूर्ण उघड्या छिद्राने काढलेला फोटो शंभर टक्के मोठा करून कोपरा पाहा: मध्यभागी टिंबासारखा असलेला तारा तिथे पंख पसरलेल्या पाखरासारखा दिसतो. हा ‘कोमा’ नावाचा दोष. कंपन्यांना तो जुनाच ठाऊक होता. निकॉनने १९७७ साली ५८ मिलिमीटर एफ/१.२ ची ‘नॉक्ट’ लेन्स रात्रीच्या दिव्यांचे हे पंख कापण्यासाठीच काढली होती. सामान्य खिशाला परवडणारं उत्तर २०१०च्या आसपास कोरियाहून आलं: सॅमयांगची १४ मिलिमीटर एफ/२.८. ऑटोफोकस नाही, सरळ भिंत वाकडी दिसते, पण तारे कोपऱ्यापर्यंत बऱ्यापैकी टिंबासारखे राहतात, आणि रात्रीला तेवढंच हवं असतं. क्रॉप सेन्सरवाल्यांना टोकिनाच्या ११-१६ एफ/२.८ ने असाच आधार दिला. मग सिग्माने २०१५ला २० मिलिमीटर एफ/१.४ आणि २०१७ला १४ मिलिमीटर एफ/१.८ काढून मर्यादा पुढे ढकलली, पण ती १४ची लेन्स किलोहून जड. २०२१मध्ये सोनीने तेवढंच छिद्र ४६० ग्रॅममध्ये बसवलं. पाठीवर सामान घेऊन गड चढणाऱ्याला त्या फरकाचं मोल वेगळं सांगायला नको.

२०१४च्या सोनी ए७एसने आयएसओचा आकडा ४,०९,६००वर नेला. त्यात बाराच मेगापिक्सेल ठेवून मोठे पिक्सेल दिले होते. तिथून पुढे सेन्सरमधली सुधारणा डोळ्यांना फारशी जाणवेनाशी झाली. आकड्यांचं कौतुक ओसरलं आणि काम सॉफ्टवेअरकडे गेलं. एकाच आकाशाचे सोळा फोटो जुळवून त्यांची सरासरी काढली की दाणे चौथाई उरतात. २०१९मध्ये गुगलच्या पिक्सेल ४ फोनने हेच तत्त्व वापरून सोळा-सोळा सेकंदांचे पंधरापर्यंत फोटो आपोआप जोडले आणि तारे खिशातल्या फोनमध्ये आले.

या जुळवाजुळवीने एक जबाबदारीही आणली. मेअखेर ते पाऊस लागेपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची भागात काजवे चमकतात. हिरड्या-बेहड्याचं झाड लखलखून गेल्यासारखे जे फोटो आपण पाहतो, ते अनेक एक्स्पोजर एकावर एक चढवून केलेले असतात. डोळ्यांना एका क्षणी तेवढे काजवे दिसत नाहीत. फोटोखाली तसं लिहायला हवं, कारण तो फोटो पाहून शेकडो गाड्या तिथे जातात, हेडलाइट आणि टॉर्च पाजळतात. काजव्यांचं चमकणं हे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं असतं, आणि आपल्या उजेडात तेच हरवतं.

आज रात्रीसाठी नव्याने सामान घेणाऱ्याला माझा सल्ला असा. पहिले पैसे एफ/२.८ किंवा त्याहून फास्ट, कमी कोमाच्या वाइड लेन्सवर घाला. नंतर न हलणाऱ्या ट्रायपॉडवर. कॅमेरा २०१४ नंतरचा, वापरलेला घेतलात तरी चालेल. रॉ फाइल, लाइव्ह व्ह्यू आणि मॅन्युअल मोड असले म्हणजे झालं. तारे टिंबासारखे हवेत तर ५०० ला फोकल लेंग्थने भागून येतील तेवढे सेकंद हा जुना नियम आहे: १४ला पस्तीस, २४ला वीस. क्रॉप सेन्सरवर त्याला पुन्हा दीडने भागा. मेगापिक्सेल जास्त असतील तर ५००च्या जागी ३०० धरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहाटे लेन्सवर दव धरतं, म्हणून लेन्सभोवती गुंडाळायचा हीटर सोबत ठेवा. काजव्यांसाठी वाइड लेन्स लागत नाही. ३५ किंवा ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स तिथे अधिक कामाची.

एवढं घेतलं की राहतो काळोख, आणि तो दुकानात मिळत नाही. याच पंचवीस वर्षांत मुंबई-पुण्याचा उजेड घाटमाथ्यावर पसरला. २०१५पासून देशभर रस्त्यांवर एलईडी दिवे आले. त्यांनी वीज वाचवली, पण पांढरा-निळसर उजेड हवेत जास्त विखुरतो आणि पिवळ्या सोडियम दिव्यासारखा फिल्टर लावून वेगळा काढता येत नाही. नव्या कॅमेऱ्याने जे मिळवलं, त्यातलं बरंचसं हा उजेड परत घेतो. आयएसओ वाढवला की आकाशगंगेबरोबर क्षितिजावरचा मळकट झोतही उजळतो.

या घसरणीला उलट वळण देता येतं, हे दोन ठिकाणांनी दाखवलं आहे. २०२२च्या डिसेंबरात लडाखमधलं हानले भारतातलं पहिलं डार्क स्काय रिझर्व्ह म्हणून अधिसूचित झालं, आणि २०२४च्या जानेवारीत आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचा मान मिळाला. तिथे जे केलं ते अवघड नाही: दिव्यांची तोंडं खाली वळवली, त्यांना आवरण दिलं, उजेड गरजेपुरता ठेवला. भंडारदरा, हरिश्चंद्रगड, राजमाची इथल्या ग्रामपंचायती, वनखातं आणि पर्यटकांना उतरवून घेणारी घरं मिळून हेच करू शकतात, आणि रात्रीचे फोटो काढायला जाणाऱ्या आपण सगळ्यांनी ती मागणी लावून धरली पाहिजे. कॅमेरे सुधारायचं काम कंपन्या करत राहतील. त्यांचा त्यात धंदा आहे. काळोख राखण्यात कुणाचाच धंदा नाही, म्हणून ते काम आपलं आहे.