टिलवा : गाळपेरीवरील पाहुणा

पौष महिन्यांत तळ्याचें पाणी ओसरूं लागलें, म्हणजे पूर्व विदर्भांतील शेतकऱ्याची दृष्टि गाळपेरीच्या जमिनीकडे वळते. त्याच सुमारास पाणी व कोरडी जमीन यांमधील चिखलाच्या पट्ट्यावर चिमणीएवढें एक पांखरूं लगबगीनें धांवतांना दिसतें. त्याचें नांव टिलवा. नागपूरभोंवतालच्या तळ्यांवर व भंडारा-गोंदियाकडील जुन्या मालगुजारी तलावांवर तें हिंवाळ्यांत येतें. परंतु आमच्या शेतकरी बंधूंपैकीं फार थोड्यांनीं तें निरखून पाहिलें असेल.

टिलव्याची लांबी पांच-साडेपांच इंच व वजन सुमारें दोन तोळे. पाठ राखी-तपकिरी, पोट पांढरें शुभ्र, चोंच आखूड, सरळ व काळी; पायही काळेच. पायांचा रंग अवश्य पाहावा, कारण याचाच एक भाऊबंद पिवळसर पायांचा असून तो बहुधा एकटा-दुकटा हिंडतो. टिलवा थव्यानें राहतो. टपालावर भराभर शिक्के मारावेत, तसा तो मान खालीं घालून चिखलास टोंचा मारीत जातो. किड्यांच्या अळ्या, बारीक किडे व लहान गोगलगाई हें त्याचें अन्न. चाहूल लागतांच सगळा थवा बारीक ‘टिट् टिट्’ करीत एकदम उठतो, पाण्यावरून वळसा घेतो आणि पुष्कळदां पुन्हां त्याच जागीं उतरतो.

मी महसूल खात्यांत कारकून असतांना एका गांवच्या गाळपेरदारांनीं अर्ज केला कीं, हीं बारीक पांखरें पेरलेली लाखोळी उकरून खातात. चौकशीसाठीं पटवारी व कोतवाल यांजबरोबर मीही गेलों. सूर्योदयापासून आम्ही पाळीवर बसलों. टिलवे ओला चिखल सोडून एक हातही वर आले नाहींत. बियांवर ताव मारीत होते ते पारवे! अर्जदारांनीं तें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें व अर्ज मागें घेतला. तोंवर त्या पट्ट्यास मीं कागदोपत्रीं ‘निरुपयोगी’ याखेरीज दुसरें विशेषण लावलें नव्हतें, हें कबूल केलें पाहिजे.

या पांखराची जन्मभूमि स्कँडिनेव्हियाच्या उत्तर टोंकापासून उत्तर सैबेरियापर्यंत पसरलेली आहे. तेथून नागपूर पांच हजार किलोमीटरांहून दूर. तेथील उन्हाळा अल्प, पण त्या दिवसांत सूर्य मावळतच नाहीं व कीटकांचा सुकाळ असतो. जमिनीवरील उथळ खळग्यांत मादी बहुधा चार अंडीं घालते. कित्येकदां ती दोन वेळां अंडीं घालते. मग एका घरट्यावर नर बसतो, दुसऱ्यावर ती. पिल्लें अंड्यांतून निघाल्यावर लवकरच आपलें भक्ष्य आपण टिपूं लागतात. आईबाप दक्षिणेकडे आधीं निघतात आणि पिल्लें मागाहून. वाट दाखविणारें वडील माणूस सोबत नसतां तीं आमच्या तळ्यांवर बिनचूक पोहोंचतात, याहून मोठें नवल कोणतें!

सन १९५१ मध्यें मालगुजारी गेली, तळीं सरकारकडे आलीं, व पुष्कळ ठिकाणीं गाळ सांचत गेला. सन २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेखालीं तो काढला जात आहे. तो काढलाच पाहिजे. शेतास त्यासारखें खत नाहीं. परंतु यंत्रानें काठ उभा कापला, कीं पाणी एकदम खोल होतें आणि उथळ चिखल उरत नाहीं. टिलव्याचे पाय इंचभर पाण्यापुरतेच! म्हणून खोदकाम तळ्याच्या मध्याकडे करावें, एका बाजूचा काठ तरी उतरता ठेवावा, आणि गाळपेरीवरील औषधाची फवारणी ओल्या चिखलापासून दूर आटोपती घ्यावी. उतरता काठ गुरांना पाण्यावर उतरण्यासही सोयीचा पडतो. बेशरमीनें व्यापलेला काठ मात्र मोकळा करण्यास मुळींच हरकत नाहीं. त्या दाटींत टिलवा पाय ठेवीत नाहीं.

चैत्र संपत आला, कीं कांहीं टिलव्यांच्या राखी पाठीवर तांबूस रंग चढूं लागतो. तो दिसला, म्हणजे निघण्याचे दिवस जवळ आले असें समजावें. मग एके सकाळीं पाळीवर जावें, तों काठ रिकामा असतो.