ट्रॉलरच्या धडकेपासून चेतकच्या मोटरपर्यंत

७ सप्टेंबर २०१०. पूर्व चीन समुद्रातल्या सेनकाकू बेटांजवळ एक चिनी मासेमारी ट्रॉलर जपानी तटरक्षक दलाच्या गस्ती नौकांवर आदळला. जपानने कप्तानाला अटक केली. ही बेटे आपली आणि त्यांचे खरे नाव दियाओयू, असा दावा सांगणाऱ्या चीनने सुटकेसाठी तगादा लावला. टोकियोला घाम फुटला तो मात्र दुसऱ्याच बातमीने. चिनी बंदरांतून जपानकडे निघणारी ‘रेअर अर्थ’ खनिजे अडकून पडली होती. बंदी घातल्याचे बीजिंगने कधी कबूल केले नाही, पण माल येत नव्हता. कप्तान सतराव्या दिवशी सुटला. खनिजांना वाट मोकळी व्हायला नोव्हेंबर उजाडला.

रेअर अर्थ म्हणजे एकमेकांशी साधर्म्य असलेली सतरा मूलद्रव्ये. नावात दुर्मिळता असली तरी जमिनीत ती बऱ्यापैकी सापडतात. खरी डोकेदुखी आहे ती त्यांना एकमेकांपासून वेगळे काढण्याची. गुणधर्म इतके सारखे, की आम्ले आणि द्रावकांच्या शेकडो टप्प्यांतून माल न्यावा लागतो आणि मागे अनेकदा किरणोत्सारी थोरियम असलेला कचरा उरतो. हे खर्चिक, घाणेरडे काम चीनने अंगावर घेतले आणि २०१०पर्यंत जगाचा ९० टक्क्यांहून अधिक पुरवठा त्याच्या हाती गेला. या मूलद्रव्यांपैकी निओडिमियमची इवलीशी पण ताकदवान चुंबके इलेक्ट्रिक गाडीत लागतात, पवनचक्कीत लागतात आणि क्षेपणास्त्रातही. ती तापल्यावर टिकावीत म्हणून त्यात डिस्प्रोसियम घालतात.

जपानने दोन आघाड्या उघडल्या. अमेरिका आणि युरोपीय संघाला सोबत घेऊन २०१२मध्ये त्याने चीनच्या निर्यात निर्बंधांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. २०१४मध्ये निकाल चीनच्या विरोधात गेला आणि पुढच्या वर्षी निर्यातीचा कोटा उठला.

दुसरी आघाडी जास्त चिवट होती. पश्चिम ऑस्ट्रेलियात माउंट वेल्ड ही खाण असलेल्या लायनस कंपनीला जपानची सरकारी संस्था जोगमेक आणि सोजित्स या व्यापारी कंपनीने २०११मध्ये २५ कोटी डॉलर पुरवले. शुद्धीकरणाचा कारखाना मलेशियातल्या कुआंतानजवळ उभा राहिला. तिथे किरणोत्सारी कचऱ्यावरून आंदोलने पेटली. त्यातच बाजारभाव कोसळले आणि लायनस कर्जात रुतली. एखाद्या बँकेने अशा वेळी तारण जप्त केले असते. जपानने व्याज कमी केले, परतफेडीची मुदत वाढवून दिली. २०२३मध्ये त्याने आणखी २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर घातले आणि माउंट वेल्डच्या डिस्प्रोसियम व टर्बियमपैकी ६५ टक्क्यांपर्यंतचा वाटा राखून ठेवला. चीनवरचे जपानचे अवलंबित्व सुमारे ९० टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या आसपास उतरले. पूर्ण सुटका अजूनही झालेली नाही.

भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांच्या ‘क्वाड’ला अवलंबित्व कमी करण्याचे हेच काम चार देशांच्या पातळीवर साधायचे आहे. २००४च्या त्सुनामीनंतर मदतकार्यासाठी हे चौघे एकत्र आले. २००७मध्ये जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी या सहकार्याला राजकीय रूप देण्याचा प्रयत्न केला; तो लवकरच विरला आणि २०१७मध्ये पुन्हा उभा राहिला. जपान आणि ऑस्ट्रेलिया यांचे अमेरिकेशी संरक्षण करार आहेत, भारताचा तसा करार नाही. त्यामुळे क्वाडला लष्करी गट म्हणता येत नाही. तरी ‘मलबार’ नौदल सरावात २०२०पासून चौघेही उतरतात आणि २०२२पासून समुद्रातल्या संशयास्पद हालचालींची माहिती शेजारी देशांना पुरवण्याचा उपक्रमही चालतो.

एप्रिल २०२५मध्ये चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली. तिचा चटका पुण्यापर्यंत पोचला. चुंबकांअभावी ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक चेतक स्कूटरचे उत्पादन शून्यावर येऊ शकते, असा इशारा बजाज ऑटोला द्यावा लागला. १ जुलै २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये चारही परराष्ट्रमंत्र्यांनी क्वाडचा महत्त्वाच्या खनिजांसाठीचा उपक्रम जाहीर केला.

घोषणा झाली, पण घरातले हिशेब वेगळेच चालले आहेत. तिच्या थोडेच आधी, जूनमध्ये, आपली खनिजे आपल्यासाठी राखायला हवीत म्हणून भारत सरकारने सार्वजनिक क्षेत्रातल्या आयआरईएल कंपनीला जपानकडची निर्यात थांबवायला सांगितल्याच्या बातम्या आल्या. हा पुरवठा २०१२च्या करारानुसार चालू होता. ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लादले. भारतात व्हायची क्वाडची शिखर परिषद २०२५मध्ये झालीच नाही.

दोघा-दोघांचे व्यवहार मात्र पुढे सरकत आहेत. मे २०२५मध्ये लायनसने मलेशियात डिस्प्रोसियम ऑक्साइड वेगळे काढले. ऑक्टोबरमध्ये अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाने खनिजांचा करार केला. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवर मोनाझाइटची वाळू असलेल्या भारतात कमतरता आहे ती चुंबक बनवणाऱ्या कारखान्यांची. वर्षाला ६,००० टन चुंबके देशात बनावीत म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५मध्ये ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. कारखाने उभे राहायलाच तिच्यात दोन वर्षे धरलेली आहेत. तोवर आपल्या स्कूटरच्या मोटरमधली चुंबके मुख्यतः बाहेरूनच येतील.