फोटो चेहऱ्याचा, निवड कपड्यांची

रत्नागिरीच्या टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान जतन केलेलं आहे. १८५६ साली जन्मलेल्या टिळकांचा चेहरा आज शाळकरी मुलंही ओळखतात, आणि त्या ओळखीत पगडी आणि उपरण्याचा वाटा मिशांइतकाच मोठा आहे. याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. त्यांची प्रतिमा डोळ्यांसमोर येते ती कोट, टाय आणि चष्म्यासह. दोघेही कायदा शिकलेले, दोघांनीही वृत्तपत्रं काढली. पोशाख मात्र अगदी वेगळे. तरी दोन्ही पोशाख शोभतात, कारण ते त्या माणसाच्या कामाशी जुळलेले आहेत.

बाबासाहेबांच्या कोटाला तर इतिहासाचं वजन आहे. ज्या समाजाला चांगलं कापड अंगावर घालण्याचीही मुभा नव्हती, त्या समाजातून ते आले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी त्यांनी स्त्रियांना आवर्जून सांगितलं, की सवर्ण स्त्रिया नेसतात तसंच लुगडं नेसा. कपड्यांवरून माणसाची किंमत ठरवली जाते, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचा ऑक्टोबर १८८५ मधला फिलाडेल्फियाचा फोटो असाच बोलका आहे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या तीन परदेशी विद्यार्थिनी त्यात आहेत. आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि सबात इस्लामबुली सीरियाच्या पोशाखात. तिघींचा अभ्यास एकच, पण कोण कुठून आली हे कपडेच सांगतात.

आज असा फोटो काढण्याची वेळ कुणावरही येते. नोकरीचा अर्ज, लिंक्डइन, दवाखान्याचं संकेतस्थळ, महाविद्यालयाचं माहितीपत्रक, आंब्याच्या पेटीवरचं बागायतदाराचं छायाचित्र, सगळीकडे छातीपर्यंतचा एक फोटो लागतो. त्यालाच हेडशॉट म्हणतात. त्यात पँट, चपला किंवा साडीच्या निऱ्या दिसत नाहीत. दिसतो तो गळा, कॉलर, खांदे आणि छातीवरची वीतभर जागा. म्हणून सगळा विचार तेवढ्याच जागेचा करायचा.

पहिला प्रश्न रंगाचा. एके काळी तो आजच्यापेक्षा बिकट होता. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटांना निळा प्रकाश चटकन कळे, लाल जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे निळं कापड फोटोत फिकट येई आणि लाल काळं पडे. जुन्या फोटोंतलं कुंकू काळ्या टिकलीसारखं दिसतं ते यामुळे. आजचा कॅमेरा सगळे रंग टिपतो, पण त्याच्याही खोडी आहेत. पांढराशुभ्र शर्ट असला की कॅमेरा अनेकदा एकूण प्रकाश कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. काळ्या कपड्यात उलट होतं. चेहऱ्यावर प्रकाश जास्त पडल्यासारखा वाटतो आणि कापडाच्या चुण्या, शिवण नाहीशी होते. भडक पोपटी किंवा केशरी रंगाची झाक हनुवटीखाली उमटते.

गर्द निळा, अंजिरी, डाळिंबी, मोरपंखी, बाटलीसारखा हिरवा, मध्यम राखाडी हे रंग म्हणूनच भरवशाचे. सावळ्या, गव्हाळ आणि गोऱ्या वर्णालाही ते चालतात. फक्त आपल्या त्वचेच्या अगदी जवळचा रंग टाळायचा. गव्हाळ माणसाने बिस्किटी सदरा घातला तर मान कुठे संपते आणि कापड कुठे सुरू होतं ते कळत नाही. वर्ण उजळ दिसावा म्हणून कपडे निवडण्याची तर मुळीच गरज नाही. चेहरा आणि कापड यांत ठळक फरक हवा, एवढंच.

दुसरा प्रश्न नक्षीचा. बारीक रेघांचा किंवा बारीक चौकडीचा शर्ट डोळ्यांना छान वाटतो, पण कॅमेऱ्याच्या आतल्या ठिपक्यांच्या जाळीशी त्या रेघांची गाठ पडली की कापडावर इंद्रधनुषी लाटा उठतात. साधं, एकरंगी कापड बरं. छातीवर मोठी अक्षरं किंवा कंपनीचं चिन्ह असेल तर बघणाऱ्याची नजर आधी तिकडेच जाते.

साडीचं गणित थोडं वेगळं. पैठणीची जर प्रकाशात चमकते आणि फोटोत तिथे पांढरे चट्टे येतात. सुती, खणाची किंवा मंद पोताची रेशमी साडी जास्त शोभते. पदराच्या चुण्या नीट घालून खांद्यावर पिन लावली की काठाची सरळ रेघ मिळते आणि मान मोकळी राहते. ब्लाउजचा गळा फार खोल असला तर चौकटीत कापड कमी आणि त्वचाच जास्त येते. मंगळसूत्र, कुंकू, नथ यांतलं रोजच्या वापरातलं जरूर असावं. फोटोपुरते घातलेले मोठे झुमके मात्र चेहऱ्याशी भांडतात.

खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसायला हवी. सदरा सैल असेल तर छायाचित्रकार पाठीमागून चिमटा लावून तो आवळतात. समोरून काहीच कळत नाही.

रत्नागिरीत यात हवामानाचाही हात असतो. समुद्राच्या दमट हवेत खळ घातलेलं सुती कापड लवकरच मऊ पडतं, आणि दुचाकीवरून स्टुडिओपर्यंत जाईतो इस्त्री मोडते. कपडे हँगरला लावून न्यावेत आणि तिथेच बदलावेत. घाम टिपायला सुती रुमाल हवा. फिकट निळ्या आणि राखाडी कापडावर घामाचे डाग लगेच दिसतात. गर्द रंग ते झाकून घेतो.

कामाप्रमाणे निवड बदलते. वकिलाला काळा कोट आणि पांढरे बँड हा नियमानेच ठरलेला वेश आहे, आणि त्यात काढलेला फोटो त्याचं काम एका नजरेत सांगतो. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला स्वच्छ फुलशर्ट पुरतो. हापूसच्या बागायतदाराने उसना ब्लेझर चढवण्यापेक्षा इस्त्रीचा सदरा घालावा. ग्राहक ज्या माणसाकडून आंबा घेणार, तोच माणूस फोटोत असायला हवा.

सरकारी कागदांसाठीच्या फोटोचे नियम कडक असतात. कोकणातली पुष्कळ मुलं जहाजांवर नोकरीला जातात आणि त्यांना अमेरिकेचा व्हिसा लागतो. त्याचा फोटो दोन इंच बाय दोन इंचांचा, पांढऱ्या किंवा जवळजवळ पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा हवा. गणवेश चालत नाही, आणि नोव्हेंबर २०१६ पासून चष्माही चालत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरा शर्ट घातला तर खांद्यांच्या कडा विरघळतात, म्हणून तिथे गर्द रंगच बरा.

फोटोच्या आदल्या संध्याकाळी एक सोपी चाचणी घरीच करता येते. दोन-तीन पोशाख काढावेत, खिडकीजवळ उभं राहून घरातल्या कुणाकडून मोबाइलवर प्रत्येकात एक फोटो काढून घ्यावा आणि तो पडद्यावर अंगठ्याच्या नखाएवढा करून पाहावा. लिंक्डइन आणि व्हॉट्सॲपवर फोटो गोल कापला जातो आणि बहुतेक जण तो एवढाच बघतात. त्या आकारातही डोळे आधी दिसले, तर तो पोशाख बाजूला काढून ठेवावा. आधी कॉलर, काठ किंवा चमक दिसली, तर दुसरा घालून पाहावा. मग निवडलेल्या कपड्यांना इस्त्री करावी, बटणं तपासावीत आणि एक जादा सदरा किंवा ब्लाउज पिशवीत ठेवावा.