पन्नाशीतील ट्रायथलॉन आणि वैद्यकीय प्रमाणपत्र

आपल्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात अलीकडे एका वेगळ्या प्रकारचे अभ्यागत येऊ लागले आहेत. त्यांना कोणताही आजार नसतो. वय पंचेचाळीस ते साठ, नोकरी-व्यवसायात स्थिरावलेले, मुले मार्गी लागलेली. त्यांना हवे असते ते दीर्घ पल्ल्याच्या ट्रायथलॉनसाठी प्रकृती उत्तम असल्याचे प्रमाणपत्र, आणि तेही बहुधा त्याच दिवशी. या प्रमाणपत्राचा नेमका अर्थ काय, याची माहिती आपले देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांना असणे उचित होय. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून वैद्यक हा त्याचा प्रांत नव्हे. तथापि येथील डॉक्टरांशी झालेल्या चर्चेच्या आधारे हा विषय सुबोधपणे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पोहणे, सायकल चालवणे व धावणे हे तीन प्रकार सलग पूर्ण करावयाची शर्यत म्हणजे ट्रायथलॉन. ‘आयर्नमॅन’ या नावाने परिचित असलेल्या पूर्ण पल्ल्यात ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे असते. त्यासाठी साधारणतः १७ तासांची मुदत मिळते. अशी पहिली शर्यत १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई द्वीपसमूहातील ओआहू बेटावर झाली. त्या दिवशी १५ जण उतरले व १२ जणांनी ती पूर्ण केली. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, झुरिच येथे पूर्ण पल्ला पार केला. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यातील मिरामार येथे निम्म्या पल्ल्याची स्पर्धा भरली आणि हा खेळ आपल्या अगदी अंगणात आला.

या वयात हे शक्य आहे काय? निश्चितच आहे. अमेरिकेतील ख्रिस्ती धर्मभगिनी मॅडोना ब्युडर यांनी ४८व्या वर्षी धावण्यास आरंभ केला, ५२व्या वर्षी पहिली ट्रायथलॉन केली आणि २०१२ साली, ८२व्या वर्षी, कॅनडातील पूर्ण पल्ला मुदतीत पार केला. जपानचे हिरोमु इनादा साठीच्या सुमारास पोहू लागले व सत्तरीत पहिल्या ट्रायथलॉनमध्ये उतरले. २०१५ साली हवाईतील जागतिक स्पर्धेत त्यांची मुदत अवघ्या काही सेकंदांनी हुकली. पुढील वर्षी त्यांनी ती गाठली आणि २०१८ मध्ये, ८५व्या वर्षी, पुन्हा गाठली. या उदाहरणांत वयाच्या आकड्याकडे सर्वांचे लक्ष जाते. वास्तविक लक्ष द्यावयास हवे ते मधल्या वर्षांकडे. त्यांनी घाई केली नाही.

घाई घातक का ठरते, याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. नियमित सरावाने हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांत अधिक काम पेलू लागतात. परंतु स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे बळकट होण्यास कित्येक महिने लागतात. दम टिकतो म्हणून मनुष्य अंतर वाढवत जातो आणि टाच, गुडघा वा पोटरी अधू होऊन बसते. वयोमानानुसार स्नायूंचे प्रमाण घटते, झीज भरून येण्यास अधिक वेळ लागतो. म्हणून विश्रांतीचा दिवस हा वाया गेलेला दिवस नसून सरावाचाच भाग होय. व्यायामाची सवय असलेल्या व्यक्तीनेही पूर्ण पल्ल्यासाठी निदान वर्षभराची तयारी धरावी, आणि त्यापूर्वी लहान पल्ल्याच्या शर्यती कराव्यात, हे इष्ट.

दुसरा प्रश्न हृदयाचा. अमेरिकेतील १९८५ ते २०१६ या काळातील ट्रायथलॉनमध्ये झालेले मृत्यू व हृदयक्रिया अकस्मात बंद पडण्याच्या १३५ घटनांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ९० घटना पोहताना घडल्या होत्या. एकूण प्रमाण एक लाख सहभागींमागे १.७४, म्हणजे अत्यल्प होते. परंतु साठी ओलांडलेल्या पुरुषांत ते १८.६ इतके आढळले. ज्या ६१ जणांचे शवविच्छेदन अहवाल उपलब्ध होते, त्यांपैकी २७ जणांत हृदय वा रक्तवाहिन्यांचा लक्षणीय दोष आढळला.

म्हणूनच आपले डॉक्टर प्रथम प्रश्न विचारतात. वडील अथवा भाऊ अकाली हृदयविकाराने गेले काय? जिना चढताना छातीवर दडपण येते काय? कधी भोवळ आली होती काय? त्यानंतर रक्तदाब, रक्तातील साखर व चरबी, हृदयालेख आणि गरजेनुसार ट्रेडमिलवरील ताण चाचणी होते. या सर्व तपासण्या निर्दोष आल्या तरी प्रमाणपत्र हा विमा नव्हे. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर ताळेबंद ३१ मार्चची स्थिती दर्शवतो. तो एप्रिलची हमी देत नाही. रक्तवाहिनीतील लहानसा अडथळा ताण चाचणीत न दिसता राहू शकतो. यास्तव प्रमाणपत्र खिशात असतानाही छातीत दडपण, जबडा वा डाव्या हातात वेदना, नेहमीपेक्षा अधिक धाप अथवा अंधारी आल्यास त्याच क्षणी थांबणे व तपासून घेणे अगत्याचे आहे.

शर्यतीच्या दिवसाविषयीही दोन सूचना नमूद कराव्याशा वाटतात. तहान नसताना केवळ पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते. त्यातून डोकेदुखी, उलट्या, संभ्रम आणि प्रसंगी झटके येऊ शकतात. तसेच अंगदुखी टाळण्यासाठी आधीच आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेण्याची प्रथा मूत्रपिंडास अपायकारक ठरू शकते. शर्यतीनंतर लघवीचा रंग गडद तपकिरी दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

कुटुंबीयांस विनंती अशी की, घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीच्या उत्साहास केवळ विरोध करू नये वा केवळ टाळ्याही वाजवू नयेत. पहाटे साडेचारला उठून बाहेर पडणारी व्यक्ती आपल्या छातीतील दडपण डॉक्टरांपासून लपवू शकते. ते पत्नीच्या वा पतीच्या नजरेतून बहुधा सुटत नाही. तपासणीच्या वेळी घरातील एका व्यक्तीने सोबत यावे, ते याचसाठी.

आपल्या रुग्णालयात तपासणीवाचून प्रमाणपत्रावर सही होत नाही. मग अर्जदार सामान्य रुग्ण असो, सन्माननीय देणगीदार असो वा विश्वस्तांचा परिचित असो. यामुळे क्वचित कोणाची शर्यत हुकते व नाराजीही पत्करावी लागते. परंतु शर्यत पुढील वर्षीही भरते.