अक्साकोव्ह यांचा गळ आणि त्यांचे गद्य

रशियन गद्यात सेर्गेय तिमोफेयेविच अक्साकोव्ह (१७९१–१८५९) यांचे स्थान ‘कुटुंबवृत्तान्त’ (१८५६) आणि ‘नातू बग्रोव्हचे बालपण’ (१८५८) या दोन ग्रंथांनी निश्चित केले. परंतु या ग्रंथांचा कर्ता पन्नाशी उलटेपर्यंत नाट्यसमीक्षक, भाषांतरकार आणि सरकारी अधिकारी एवढ्याच नात्याने ओळखला जात होता. ज्या पुस्तकाने लेखक म्हणून त्यांचे खरे सामर्थ्य प्रथम प्रकट केले, ते कादंबरी नव्हे आणि नाटकही नव्हे. नदीतळ्यांत गळ टाकून मासे कसे धरावेत हे सांगणारी ती टिपणे होत. १८४७ साली ती मॉस्कोत प्रसिद्ध झाली. एका छंदिष्टाचे पुस्तक म्हणून त्यांची बोळवण करणे सोपे आहे. पण तसे केल्यास पुढील दोन ग्रंथांच्या घडणीचा एक धागा हातून निसटतो.

अक्साकोव्ह यांचे बालपण उफा आणि ओरेनबुर्गच्या प्रदेशात गेले. द्योमा नदीच्या काठी येव्सेइच या वृद्ध सेवकाने त्यांच्या हाती प्रथम गळाची काठी दिली, आणि मुलाला तिचे असे वेड लागले की आईला त्याची चिंता वाटू लागली. पुढे किशोरवयात बंदूक हाती आली आणि गळाची किंमत त्यांच्या लेखी एकाएकी उतरली. हे त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत नमूद केले आहे. १८२६ मध्ये ते मॉस्कोत स्थायिक झाले. ग्रंथपरीक्षकाचे पद, मग भूमापनाचे शिक्षण देणाऱ्या संस्थेचे संचालकपद, नाटके, स्नेहीमंडळ, यांत वर्षे गेली. १८४३ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी मॉस्कोच्या उत्तरेस व्होर्या नदीकाठचे अब्राम्त्सेवो हे गाव खरेदी केले आणि गळ पुन्हा हाती घेतला. १८४५ मध्ये त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली, उजवाही दुबळा होता. उडत्या पक्ष्यावर नेम धरणे अशा माणसाला कितपत शक्य होते? काठावर बसून पाण्याकडे पाहणे मात्र शक्य होते. पुनरागमनाचे हेच एक कारण असेल असे नव्हे, पण ते दुर्लक्षिण्याजोगे नाही.

पुस्तकाची मांडणी अगदी साधी आहे. आरंभी काठी, दोर, तरंगते बोंड, शिशाचा भार, आकडा व आमिष यांचा क्रमाने विचार. मग जागेची निवड. आणि त्यानंतर एकेका माशाचे स्वतंत्र प्रकरण. रशियन भाषेत या विषयावर जाणत्या, लिहित्या छंदिष्टाने असे काही लिहिलेलेच नाही, अशी त्यांची तक्रार आहे. आणि आपण ही टिपणे स्वतःच्या स्मृती ताज्या करण्यासाठी लिहिली, असेही ते सांगतात. ही दोन विधाने एकत्र वाचावीत. माहितीचे पुस्तक आणि आठवणींचे पुस्तक या येथे दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. चिखलात व पाणवेलींत राहणारा टेंच मासा आमिष सावकाश चाचपतो, त्यामुळे बोंड एकदम बुडत नाही, हळूच सरकते. पाइकचे दात दोर कापून टाकतात. बर्बट थंडीत अधिक चपळ होतो. असे तपशील केवळ पुस्तके वाचून हाती येत नाहीत. नंतरच्या एका आवृत्तीला मॉस्को विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ कार्ल रुल्ये यांनी टीपा जोडल्या, यावरून त्या निरीक्षणांची योग्यता कळते.

‘कुटुंबवृत्तान्त’ लिहिण्यास अक्साकोव्ह यांनी १८४० मध्येच आरंभ केला होता. तो बाजूस ठेवून ते मत्स्यटिपणांकडे वळले. त्यानंतर १८५२ मध्ये ओरेनबुर्गच्या शिकारीवरील पुस्तक आले, आणि मगच वृत्तान्त पूर्ण झाला. हा क्रम आकस्मिक वाटत नाही. तरुणपणी त्यांनी जी वाङ्मयीन भाषा आत्मसात केली होती, ती अभिजाततावादी रंगभूमीची, काहीशी उसनी व भारदस्त होती. बोंडाची हालचाल सांगताना ती भाषा निरुपयोगी ठरते. तेथे क्रियापद नेमके लागते, विशेषण जपून वापरावे लागते. पुढे आजोबांचा राग किंवा घोडागाडीचा प्रवास वर्णिताना जी शांत, वस्तुनिष्ठ वाक्ये आपण वाचतो, त्यांचा सराव या टिपणांत झाला, असे आमचे मत आहे.

या संदर्भात आयझॅक वॉल्टन यांचे नाव अपरिहार्यपणे निघते. त्यांचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ मध्ये, ते साठीच्या आसपास असताना निघाले. परंतु वॉल्टन संवाद रचतात, गाणी पेरतात. अक्साकोव्ह यांच्या टिपणांत असा रचलेला सोहळा नाही. (आपल्याकडे तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, बाराव्या शतकात, मत्स्यविनोदाचे प्रकरण आहेच, तो मात्र राजाचा विनोद, त्याची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी.)

‘नातू बग्रोव्हचे बालपण’ या अखेरच्या मोठ्या ग्रंथात द्योमाचा काठ पुन्हा येतो. येव्सेइच काठी तयार करतो, मुलगा पहिला लहानसा मासा बाहेर काढतो. दृष्टी अधू झालेल्या लेखकाने या काळातील बरेचसे लेखन घरच्यांना सांगून लिहवून घेतले. तरी बोंडाची ती पहिली हालचाल त्यात जशीच्या तशी दिसते.